भिंतीवर कोणतं फूल काढायचं, हे वस्तीला विचारा

चित्रकलेचं शिक्षण संपल्यावर उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत मी पहिली भिंत रंगवायला गेले, तेव्हा स्केच घरूनच काढून नेलं होतं. मोठं निळं कमळ. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्म स्वीकारला ते हे शहर. चिखलातून उगवूनही निर्मळ राहणारं फूल इथे सगळ्यांना कळेल, असं मी धरून चालले होते. कळलंही. पण एका काकांनी विचारलं, "निवडणूक लागल्यावर काय करशील बेटा?" कमळ एका पक्षाचं चिन्हही आहे, आणि आचारसंहिता लागली की भिंतींवरची पक्षचिन्हं झाकली जातात. ते स्केच मी गुंडाळून ठेवलं.

वस्तीतल्या लोकांसोबत सामाजिक विषयांवर भिंती रंगवण्याच्या या कामात नव्याने येणाऱ्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगते. पुस्तकातला फुलाचा अर्थ पाठ असू द्या, पण भिंतीवर चालतो तो वस्तीतला अर्थ. तो ऐकायला वेळ लागतो. मी आता सीताबर्डीच्या फूलबाजारातून झेंडू, शेवंती, मोगरा, निशिगंध अशी सुटी फुलं घेते, सुपात ठेवते आणि बायकांच्या मधोमध बसते. ज्याला जे उचलावंसं वाटेल ते उचलायचं, आणि काय आठवलं ते सांगायचं. एवढंच.

एकदा एका ताईने मोगरा उचलला आणि लगेच परत ठेवला. नवरा गेल्यापासून तिने गजरा माळला नव्हता. कोणी मनाई केली, विचारलं तर म्हणाली, "कोनी काई म्हटलं नाई, पन सगळे पाहतात." विधवेच्या वाट्याला आलेल्या या न बोललेल्या बंदीवर मला एक ओळही लिहावी लागली नाही. भिंतीवर वेणी आली, वेणीत मोगरा आला, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला तो कोणाचा ते कळलं.

दारूविरोधातल्या भिंतीवर तर भांडणच झालं. मूळच्या गडचिरोलीकडच्या एका आजीने मोहाचं फूल सुचवलं. दुसरी उसळली, "काहून वं, दारूची जाहिरात करून रायली का?" आजी म्हणाली, "आमी लहानपनी पहाटे येचाले जात होतो. वाळवून ठेवत होतो, पावसाळ्यात तेच खात होतो. दारू मंग." मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली पडणारी ती मांसल, पिवळसर फुलं जंगलाजवळच्या घरांसाठी आधी अन्न असतात. शेवटी टोपलीत मोहफुलं वेचणारी मुलगी काढली. बाटली कुठेच नाही. या चर्चेला तीन संध्याकाळी गेल्या आणि त्या मला रंगकामापेक्षा मोलाच्या वाटतात.

वाचायला काय घ्यावं, असं मुलं विचारतात. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या 'काव्यफुले'पासून सुरुवात करा. त्यात जाई, गुलाब, पिवळा चाफा यांच्यावर कविता आहेत. आपल्याकडे फूल आणि समाजबदल किती आधीपासून एकत्र आहेत ते दिसेल.

कामाचं थोडं. घरमालकाची लेखी परवानगी आधी घ्या. भिंतीला ओल असेल तर रंगवू नका, पापुद्रे सुटतात. खरवडणं, पुट्टी, प्रायमर यांचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवा, नाहीतर तो तुमच्या मानधनातून जातो. डिस्टेंपर पावसात टिकत नाही. बाहेरच्या भिंतीचं इमल्शन आणि स्टेनर (त्यात मिसळायचा गडद रंग) घ्या. मे महिन्यात सकाळी सहा ते नऊ एवढंच काम करा, नंतर रंग ब्रशवरच सुकतो. आणि चित्र आधी जमिनीवर रांगोळीने काढून घ्या: रांगोळी पुसता येते, म्हणून बायका बेधडक बदल सुचवतात.

निघताना प्रत्येक रंगाचा एक डबा आणि दोन ब्रश वस्तीत ठेवून या. मोगऱ्याच्या त्या वेणीवर आतापर्यंत दोनदा नवा रंग चढलाय, दोन्ही वेळा मला न बोलावता. दुसऱ्यांदा तर वेणी लांब झाली आहे.