गळक्या पेट्रोल टाकीमुळे दूषित होणाऱ्या भूजलाचे मॉडेल कसे तयार करावे

पेट्रोल पंपाच्या जमिनीखालील टाकीला गळती लागली आणि जवळच्या एखाद्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला, की पहिला प्रश्न पडतो तो हा की बेन्झीन, म्हणजे पेट्रोलमधले विषारी रसायन, कुठवर पोहोचले आहे आणि पुढची कोणती विहीर त्याच्या वाटेवर आहे. या प्रश्नाचे उत्तर संगणकावरील मॉडेल देऊ शकते. परंतु माझ्या मते दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते उत्तर खरे ठरणार की खोटे, हे विहिरींच्या काठावर घेतलेल्या मोजमापांवरूनच ठरते.

प्रथम जमिनीच्या पोटातले चित्र कागदावर काढावे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळ किंवा मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा) खडक, अधूनमधून गेरूचा थर आणि तळाशी अभंग पाषाण, अशी उतरंड आपल्याकडे सर्रास आढळते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडील माहिती हाताशी असावीच. पण झरे किती खोलीवर आणि कोणत्या बाजूने लागले, हे गावात विहिरी खोदणाऱ्यांनाही अवश्य विचारावे, कारण बेन्झीन याच वाटांनी पुढे सरकते. धुळे-नंदुरबारसारख्या भागात डाईकही, म्हणजे खडकात भिंतीसारखे उभे घुसलेले कठीण पाषाणही, पाहावे लागतात, कारण एखादा डाईक पाण्याचा प्रवाह अडवू किंवा वळवू शकतो.

त्यानंतर एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरींची पाणीपातळी समान संदर्भपातळीवरून, शक्यतो एकाच दिवशी मोजावी. विहिरीत उतरू नये, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. पाण्यावर पेट्रोलचा तवंग असेल, तर फितीच्या टोकाला पंपावर वापरतात तीच पाणी शोधणारी पेस्ट लावून ती हळूहळू सोडावी. पेस्टचा रंग जिथपर्यंत बदलतो ती पाण्याची पातळी, आणि त्याच्या वरचा ओला भाग म्हणजे पेट्रोलची जाडी. पेट्रोल पाण्याहून हलके असल्यामुळे जाडीच्या साधारण 0.75 पट भर पाण्याच्या पातळीत घालावी, म्हणजे 20 सेंटिमीटर थर असल्यास 15 सेंटिमीटर. ही दुरुस्ती राहिली, तर उताराची दिशाच चुकू शकते. शिवाय ही मोजणी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा करावी, कारण पातळी वरखाली होताना पेट्रोल खडकाच्या भेगांना चिकटून राहते आणि पुढे कित्येक महिने पाण्यात उतरत राहते.

किती पेट्रोल गळले, याचा अंदाज पंपाच्या रोजच्या डिप नोंदी (टाकीत काठी बुडवून मोजलेला साठा), टँकरची आवक आणि विक्री यांच्या फरकातून येतो. शुद्ध बेन्झीन लिटरभर पाण्यात सुमारे 1800 मिलिग्रॅम विरघळते. आपल्याकडील पेट्रोलमध्ये ते आकारमानाने जास्तीत जास्त 1 टक्का असते, म्हणून पेट्रोलला लागून असलेल्या पाण्यात ढोबळमानाने लिटरला 20 मिलिग्रॅम धरावे.

आता हाताने एक हिशेब करावा. मला तो कोणत्याही सॉफ्टवेअरइतकाच महत्त्वाचा वाटतो. मुरुमाची जलवाहकता (पाणी वाहू देण्याची क्षमता) दिवसाला 2 मीटर, पाण्याचा उतार 100 मीटरला 1 मीटर आणि परिणामकारक सच्छिद्रता (ज्यातून पाणी खरोखर वाहते अशा पोकळ्यांचा वाटा) 5 टक्के मानली, तर वेग 2 × 0.01 ÷ 0.05, म्हणजे दिवसाला 0.4 मीटर येतो आणि 200 मीटरवरची विहीर 500 दिवसांत गाठली जाते. जिवाणूंच्या विघटनामुळे बेन्झीन 250 दिवसांत निम्मे होते असे गृहीत धरल्यास तिथे लिटरला 5 मिलिग्रॅम उरते, आणि जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा 0.01 मिलिग्रॅम आहे. विसरणाने, म्हणजे वाहताना बेन्झीन आजूबाजूला पसरून विरळ झाल्याने, प्रत्यक्ष आकडा आणखी खाली येईल, पण 500 पटींचे हे अंतर नजरेआड करण्याजोगे नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल, तर जिवाणू आधी इथेनॉल खातात आणि त्यातच पाण्यातला प्राणवायू संपवतात. म्हणून विघटनाचा वेग कमी धरावा.

मग मॉडफ्लो 6 हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. त्यात आधी पाण्याचा प्रवाह बसवावा आणि नंतर त्याच्याच वहन विभागात, म्हणजे विरघळलेले पदार्थ वाहून नेणाऱ्या भागात, बेन्झीन सोडावे. 200 मीटरच्या अंतरासाठी प्रवाहाच्या दिशेचे विसरण 20 मीटर, आडवे 2 मीटर, टाकीजवळचे मॉडेलच्या जाळीचे चौकोन 5 मीटरचे आणि हिशेबाचा कालटप्पा 12 दिवसांपेक्षा लहान, अशी सुरुवात योग्य ठरते. मोजलेल्या पातळ्या जुळल्याशिवाय बेन्झीनच्या आकड्यांकडे वळू नये. नाहीतर प्रवाहातली आणि बेन्झीनच्या आकड्यांतली चूक एकमेकींना झाकतात आणि मॉडेल बरोबर असल्याचा भास होतो.

शेवटी जलवाहकता, सच्छिद्रता आणि विघटनाचा वेग आलटून पालटून बदलून मॉडेल पुन्हा चालवावे, आणि रब्बीत पंप सुरू असलेल्या प्रत्येक विहिरीचा उपसा त्यात घालावा. एकच मोटार सलग चालली तरी पाण्याचा उतार तिच्याकडे वळतो, आणि नकाशावर बाजूला दिसणारी विहीर थेट बेन्झीनच्या वाटेवर येते. अहवालात एकच रेषा न काढता या सर्व शक्यतांचा पट्टा दाखवावा, आणि त्या पट्ट्यात येणाऱ्या पिण्याच्या विहिरींचे नमुने सर्वांत आधी घ्यावेत.