भुताच्या मालिकेतला माणूस खलनायक : या चुका टाळा

कोल्हापुरात मालिकालेखनाकडे वळलेल्या तरुण मुलामुलींच्या संहिता मी गेली काही वर्षे नियमितपणे वाचतो आहे. त्यांतल्या बऱ्याच संहितांमध्ये वाडा, विहीर, मुंजा आणि अमावास्या असतेच. भूत या मुलांना चांगले जमते, कारण भुताच्या गोष्टी ऐकतच ती वाढलेली असतात. अडते ते माणसापाशी. ज्याच्या कृत्यामुळे मुळात ते भूत झाले, तो सावकार, तो दीर किंवा तो मांत्रिक कागदावर उतरताना फिका पडतो, आणि मग पुढची सगळी मालिका नुसती दारे आपटण्यावर रेटावी लागते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे माणसाच्या पापाचे ओझे भुताच्या खांद्यावर देणे. मध्यंतरी एका मुलीने मला तिचा कथाविस्तार वाचायला दिला. जमिनीसाठी धाकटा दीर विधवा भावजयीला विहिरीत ढकलतो, इथपर्यंत तिने फार ताकदीने लिहिले होते. मात्र विसाव्या भागात खुलासा होत होता, की दिराच्या अंगात पणजोबांचा आत्मा शिरला होता. त्या एका खुलाशाने आधीची सगळी मेहनत पुसली गेली. मुंज्याला पिंपळ सोडता येत नाही आणि हडळीला सूड सोडता येत नाही. त्यांचे नियम ठरलेले असतात आणि प्रेक्षकही ते मान्य करूनच पाहायला बसतो. दिराला मात्र त्या रात्री विहिरीच्या काठावरून मागे फिरता आले असते. आपल्याला त्याची जी किळस येते, ती या ‘आले असते’मुळे येते, आणि त्याच्या अंगात आत्मा घातला की ती शक्यताच संपते.

‘द एक्स-फाइल्स’ या अमेरिकन मालिकेत 1995 साली डॉनी फास्टर हा गुन्हेगार आला होता. परग्रहवासी आणि राक्षसांच्या त्या मालिकेत तो निव्वळ माणूस होता. मृत स्त्रियांचे केस आणि नखे जमवणारा, बोलायला अत्यंत सौम्य. भेदरलेल्या नायिकेला तो क्षणभर सैतानासारखा भासतो, पण तो भास तिच्या भीतीचा आहे असे मानायला जागा राहते. 2000 साली त्याला परत आणले तेव्हा त्याच्यात खरोखरच सैतानी अंश असल्याचे सुचवले गेले, आणि माझ्या मते तिथे तो लहान झाला. म्हणून आपल्या संहितेची एक तपासणी अवश्य करावी : भुताचे सगळे प्रसंग बाजूला काढून ठेवावेत आणि उरलेल्या पानांत त्या माणसाचे कृत्य तितकेच असह्य वाटते का, ते पाहावे. वाटत नसेल, तर दोष भुताच्या मेकअपमध्ये नाही.

दुसरी चूक दुष्टपणा मोठ्या आवाजात लिहिण्याची आहे. खदाखदा हसणारा, नोकराला लाथ मारणारा खलनायक आपण इतका पाहिला आहे, की त्याची भीतीच उरलेली नाही. आपल्या भागात दुष्टपणा बहुधा कागदावरून चालतो. कोल्हापूरच्याच बाबूराव पेंटरांनी 1925 साली ‘सावकारी पाश’ काढला, त्यात व्ही. शांताराम यांनी उभा केलेला शेतकरी सावकारामुळे जमिनीला मुकतो आणि शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. त्या चित्रपटात भूत नाही, आणि त्याची गरजही नाही.

एक प्रसंग मी नेहमी लिहायला देतो. 2005 च्या कायदादुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, म्हणून भावाला बहिणीचे हक्कसोडपत्र हवे असते. भाऊबीजेला ती ओवाळते, तो ताटात पाचशेची नोट ठेवतो. नंतर दोघे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातात. उसाच्या पाल्याने तिच्या अंगठ्यावर इतके चरे पडले आहेत, की यंत्रावर ठसाच उमटत नाही. ती ओशाळून विचारते, “दादा, लावू का परत एकदा?” आणि भाऊ स्वतःच्या रुमालाने, लहानपणी तिचे नाक पुसायचा तितक्याच मायेने, तिचा अंगठा पुसून यंत्रावर दाबून धरतो. या भावाला एकही कडक संवाद देऊ नये. पुढे ती बहीण हडळ होऊन आली, तर प्रेक्षक तिला घाबरणार नाही, तो त्या रुमालाला घाबरेल.

खलनायकाला एकटे ठेवणे ही चूक तर मला जवळपास प्रत्येक संहितेत सापडते. माणसाला अलौकिक शक्ती नसते, त्यामुळे त्याला दुसऱ्या माणसांची मदत लागते : सही करणारा साक्षीदार, फेरफार नोंदवून देणारा तलाठी, सगळे ऐकूनही भाकरी थापत राहणारी सासू. ‘रात्रीस खेळ चाले’च्या 2019 च्या दुसऱ्या पर्वाने अण्णा नाईकांचा जिवंतपणीचा काळ दाखवला, तिथे मला खरी धडकी भरली ती त्यांच्या आवाजाने नव्हे, तर त्या आवाजाची सवय झालेल्या घराने. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या पिशाचांच्या अमेरिकन मालिकेत वॉरन हा तरुण एका यंत्राने आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीची इच्छाशक्ती हिरावून घेतो आणि त्याच्या दोन मित्रांना तोवर हा खेळच वाटत असतो. ती शुद्धीवर येऊन त्या कृत्याला बलात्कार म्हणते, तेव्हा ते दोघे थिजतात. तरीही पुढे ते वॉरनच्या सोबतच राहतात. त्या मालिकेतल्या कितीतरी पिशाचांपेक्षा मला हे सोबत राहणे अधिक काळे वाटते.

खलनायकाच्या दुःखी बालपणाचा फ्लॅशबॅक जपून वापरावा. कारण जरूर द्यावे, पण त्याच बालपणातून गेलेली आणि तरीही नीट वागलेली त्याची बहीण किंवा भाऊ त्याच घरात ठेवावा, म्हणजे कारणाची सबब होणार नाही.

मांत्रिकाबद्दल थोडेच सांगतो. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि करणी उतरवण्याच्या नावाखाली लुबाडणारा माणूस आपल्या प्रेक्षकाला परका नाही. त्याला खरी सिद्धी देऊ नये. आपण खोटे आहोत हे त्याला पक्के ठाऊक असावे आणि समोरच्या बाईचे मूल खरेच आजारी आहे, हेही ठाऊक असावे.

त्या मुलीने पुढे पणजोबांचा आत्मा काढून टाकला आणि विहिरीचा प्रसंग नव्याने लिहिला. आता दीर भावजयीला ढकलत नाही. तिचा पाय घसरतो, ती आतल्या कपारीला धरून राहते आणि वर पाहून म्हणते, “भावजी, दोर टाका.” दोर त्याच्या पायाशीच पडलेला असतो. तो वाकून उचलतो, सावकाश गुंडाळतो आणि नेहमीच्या खुंटीला नीट अडकवून घरी जेवायला जातो.