सॉफ्टवेअरचे ड्रम्स मशीनसारखे वाजतात? व्हेलॉसिटी अशी सेट करून बघा

घरी गाणं करताना ड्रम्स सॉफ्टवेअरमधूनच घ्यायचे असतील तर एक गोष्ट आधी पक्की लक्षात घ्या, व्हेलॉसिटी म्हणजे नुसता आवाज कमी-जास्त करणं नाही. मिडीत (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना नोटांची माहिती पाठवतात ती पद्धत) प्रत्येक नोटबरोबर १ ते १२७ मधला एक आकडा जातो, काठी किती जोरात पडली ते सांगणारा, आणि चांगलं सॉफ्टवेअर त्यावरून कुठलं रेकॉर्डिंग वाजवायचं ते ठरवतं. कारण स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम) हळू मारला की तो फक्त बारीक वाजत नाही, त्याचा नादच बदलतो, खालच्या तारांची सळसळ पुढे येते, जोरात मारला की कडक फटका. ढोलकीवर हाताचं वजन बदललं की बोल बदलतो ना, तसंच. म्हणून एकच स्नेअर हळू ते जोरात असा टप्प्याटप्प्याने रेकॉर्ड करतात, त्या टप्प्यांना लेयर म्हणतात.

आता सुरुवात करू. हायड्रोजन हे ड्रम्सचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातही लेयर चालतात. साधा चार मात्रांचा बीट टाका: किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) १ आणि ३ वर, स्नेअर २ आणि ४ वर, हाय-हॅट (एकमेकांवर बसवलेल्या दोन झांजा) आठ वेळा, म्हणजे प्रत्येक मात्रेवर आणि दोन मात्रांच्या मधे. जनरल मिडीत, म्हणजे कुठलं वाद्य कुठल्या नोटवर हे सांगणाऱ्या ठरलेल्या यादीत, किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२ नंबरला असते. माउसने टाकलेल्या नोटांची व्हेलॉसिटी सहसा एकसारखीच येते आणि खरी गडबड तिथेच आहे.

पहिल्यांदा हाय-हॅट घ्या. मात्रेवरची नोट ८५-९५, मधली ५५-७० आणि शेजारच्या दोन नोटा कधीच सारख्या ठेवू नका. स्नेअरचे मुख्य फटके ११०-११८ ठेवा, सगळं १२७ वर नेलं तर सगळ्यात वरचा लेयर सोडून बाकीचे वाजणारच नाहीत, मग इतकी रेकॉर्डिंग असून उपयोग काय? त्यानंतर मधे मधे २५-४० च्या घोस्ट नोट्स पेरा, ऐकू येतील न येतील अशा. मला सगळ्यात जास्त फरक यांनीच जाणवला, बीट एकदम चालायला लागतो.

रोलमध्ये (भराभर लागोपाठ पडणाऱ्या फटक्यांत) तेच तेच रेकॉर्डिंग लागोपाठ वाजलं की मशीनगनसारखं तडतडतं. त्यासाठी राउंड रॉबिन असतं, एकाच जोराची ३-४ वेगवेगळी रेकॉर्डिंग आळीपाळीने वाजतात. किटमध्ये ते असेल तर चालू आहे ना बघून घ्या. नसेल तर रोलची व्हेलॉसिटी हाताने चढवत न्या आणि डाव्या हाताचे फटके थोडे हलके ठेवा, उजव्या हाताच्या ड्रमरचं बऱ्याचदा तसंच होतं.

ह्यूमनाइझ बटण दाबायचंच असेल तर अगदी थोडं, कारण ते आकडे कसेही हलवतं आणि ड्रमर तसं वाजवत नाही, त्याला जोर कुठे द्यायचा ते माहीत असतं. पॅड किंवा कीबोर्डवरून वाजवत असाल तर आधी व्हेलॉसिटी कर्व्ह बघा (किती जोराला किती आकडा पाठवायचा ते ठरवणारं सेटिंग), हळू मारून ३० च्या आसपास आकडा येत नसेल तर घोस्ट नोट्स निघणारच नाहीत.

आणि शेवटी प्रत्येक फिल (बीटच्या मधे भरलेला छोटा तुकडा) तपासा, स्नेअर, टॉम (तारा नसलेला ड्रम) आणि क्रॅश (मोठी झांज) एकाच क्षणी पडत असतील तर एक नोट काढा, ड्रमरला हात दोनच असतात.