वायू दाबायला किती कार्य लागते, ते कसे काढावे

सायकलमध्ये भराभर हवा भरा आणि पंपाच्या तळाला बोट लावा. चटका बसतो. दंडाची ही मेहनत ज्यूलमध्ये कशी काढायची, ते पाहू.

उदाहरण एकच धरू: दट्ट्याच्या नळकांड्यात १ मोल हवा, ३०० केल्विन, गॅमा (स्थिर दाबाची आणि स्थिर आकारमानाची उष्णताधारकता यांचे गुणोत्तर) १.४. आकारमान सावकाश निम्मे करायचे. वायूवर झालेले कार्य धन मानतो. तुमच्या पुस्तकात उलटे असेल तर पानाच्या माथ्यावर तसे लिहून ठेवा.

१. दाब आणि आकारमानाचा आलेख काढा. रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे कार्य. आलेखाशिवाय सूत्राला हात लावू नका.

२. दाब स्थिर: दाब गुणिले आकारमानातली घट, १२४७ ज्यूल.

३. तापमान स्थिर (आयसोथर्मल): आर (वायू स्थिरांक, ८.३१४) × ३०० × २ चा नैसर्गिक लॉग, १७२९ ज्यूल. दहाच्या पायाचा लॉग नको.

४. ॲडिअबॅटिक, म्हणजे उष्णता आत-बाहेर जाऊ न देता: लांबलचक सूत्र पाठ करू नका, आधी तापमान काढा. २ चा ०.४ वा (गॅमा वजा १) घात गुणिले ३००, म्हणजे ३९५.८५ केल्विन. वाढ ९५.८५, तिला एका मोल हवेच्या स्थिर आकारमानाच्या उष्णताधारकतेने, २.५ आरने, म्हणजे २०.७८५ ने गुणा. १९९२ ज्यूल.

५. आता तुलना. इथेच मी फसलो होतो. "ॲडिअबॅटिकला सगळ्यात जास्त कार्य लागते" हे क्लासमध्ये घोकून घेतलेले वाक्य मी परीक्षेत बिनदिक्कत लिहिले आणि गुण गेले. प्रश्नात आकारमान निम्मे करायचे नव्हतेच, दाब दुप्पट करायचा होता. घरी येऊन आकडे मांडले: आयसोथर्मलला तेच १७२९, ॲडिअबॅटिकला मात्र १३६६! तापलेली हवा दुप्पट दाब लवकर गाठते, त्यामुळे दट्ट्या मूळ आकारमानाच्या ०.६१ पटीवरच थांबतो. रेषा चढी असली तरी तिच्याखालचा पट्टा अरुंद राहतो.

म्हणून शेवट कशावर ठरलाय, आकारमानावर की दाबावर, हे प्रश्नात आधी अधोरेखित करा. हे न सांगता नुसता क्रम पाठ करायला लावणे मला चुकीचेच वाटते.

कॉम्प्रेसरचे गणित आणखी वेगळे. तिथे हवा आत घेण्याचे आणि बाहेर ढकलण्याचे कार्यही धरावे लागते. दाब तसाच दुप्पट केला तर ॲडिअबॅटिकचे १९१२ ज्यूल होतात, आयसोथर्मलचे १७२९ च राहतात. मोठ्या कॉम्प्रेसरमध्ये दोन टप्प्यांच्या मधे हवा थंड करून घेतात, ती हा फरक कमी करायलाच.