प्रवासातल्या डायव्हिंगसाठी हलकं बीसीडी कसं निवडावं

देशांतर्गत विमानाच्या साध्या तिकिटावर बहुतेक वेळा १५ किलोची बॅग नेता येते. डायव्हरच्या बॅगेतलं सामान मांडून बघा. रिकामी बॅग तीन किलो, फिन्स आणि बूट अडीच, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं उपकरण) तीन, तीन मिलिमीटरचा वेटसूट (फेसाळ रबराचा पोशाख) दीड-दोन, मास्क, खोली-वेळ दाखवणारा डायव्ह कॉम्प्युटर आणि टॉर्च मिळून एक. इथेच अकरा किलो झाले. त्यात भरपूर गादी असलेलं नेहमीचं चार किलोचं बीसीडी (सिलिंडर पाठीवर धरणारं आणि हवा कमी-जास्त करून पाण्यात तरंगणं सांभाळणारं जॅकेट) टाकलं, तर कपडे घालायचे कुठे? म्हणून हलक्या बीसीडीचा शोध सुरू होतो, आणि तो बहुधा माहितीपत्रकातला 'वजन' हा एकच आकडा बघून संपतो.

तो आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. बीसीडीला दोन वजनं असतात, एक काट्यावरचं आणि एक पाण्यातलं. दोन्ही बघूनच पैसे टाकावेत, असं माझं ठाम मत आहे.

आधी ठरवा, तुम्हाला ते हवंय का

तारकर्ली-मालवणला किंवा गोव्यात प्रशिक्षकाचा हात धरून एकदा पाण्याखाली जाऊन यायचं असेल, तर स्वतःचं बीसीडी घ्यायचं काहीच कारण नाही. तिथे सगळं साहित्य मिळतं आणि हवेचं बटण प्रशिक्षकाच्याच हातात असतं. सर्टिफिकेट झालेलं आहे, वर्षाकाठी नेत्राणी, अंदमान, लक्षद्वीप किंवा मालदीवची एखादी तरी फेरी होते, मास्क आणि कॉम्प्युटर स्वतःचा आहे, अशा माणसाने याचा विचार करावा. ब्रिटनसारख्या थंड पाण्यात ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा पोशाख) घालून उतरणाऱ्यांचा हिशेब निराळा असतो. पुढचं सगळं उबदार समुद्र, पातळ सूट आणि एका अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरसाठी आहे.

लिफ्ट किती हवी ते स्वतः मोजा

लिफ्ट म्हणजे बीसीडीच्या हवेच्या फुग्याची वजन तरंगवण्याची ताकद. हलक्या बीसीडीचा फुगा लहान असतो, आणि तो आपल्याला पुरेल का ही भीती सगळ्यांना वाटते. हिशेब केला की ती जाते.

आपल्याकडे सर्रास मिळणारं सिलिंडर म्हणजे अकरा लिटरचं अ‍ॅल्युमिनियम, ज्याला सगळे 'एटी' म्हणतात. ते पूर्ण भरलेलं असताना त्यातल्या हवेचंच वजन अडीच किलोच्या आसपास असतं. डायव्हच्या शेवटी सिलिंडर जवळपास रिकामं झालं तरी पाच मीटरवर स्थिर राहता यावं, एवढं शिसं आपण कमरेला बांधतो. म्हणजे सुरुवातीला आपण त्या हवेच्या वजनाइतके जड असतो. त्यात वेटसूटची भर पडते. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि सूटमधले हवेचे बुडबुडे निम्मे होतात, तीस मीटरवर पाव. तीन मिलिमीटरचा सूट खोलवर साधारण दीड-दोन किलोची तरंगण्याची ताकद गमावतो. अडीच आणि दोन, म्हणजे साडेचार किलो. पाण्याखाली फुग्याला एवढंच काम असतं.

पृष्ठभागावर मात्र जास्त लागतं. बोटीत चढण्याआधी सगळा संच काढून पाण्यावर सोडायची वेळ आली, तर शिशासकट तो तरंगला पाहिजे, आणि तुमचं डोकंही लाटांच्या वर राहिलं पाहिजे. शिसं बीसीडीच्याच खिशात असेल तर ही गरज सात-आठ किलोपर्यंत जाते, वेगळ्या पट्ट्यावर असेल तर बरीच कमी होते. हे सगळं धरून १० ते १३ किलो लिफ्ट भरपूर झाली. काही कंपन्या हा आकडा पौंडात देतात (२२ ते ३०), तर काही न्यूटनमध्ये, जिथे १०० न्यूटन म्हणजे सुमारे दहा किलो. वीस किलोचा फुगा उबदार पाण्यात नुसताच अंगाभोवती फडफडतो आणि पोहताना पाणी अडवतो.

प्रकार निवडा

नेहमीच्या जॅकेटमध्ये हवा पोटाभोवती येते आणि वजन साडेतीन-चार किलोच्या पुढे जातं. ते प्रवासासाठी सोडून द्या.

दुसरा प्रकार खास प्रवासासाठी केलेल्या मऊ बीसीडीचा. यात कडक पाठ नसते, फुगा पाठीमागे असतो आणि वजन दोन-अडीच किलो भरतं. ऍक्वालंगचं झुमा किंवा स्कूबाप्रोचं लाइटहॉक ही या घराण्यातली माहितीतली नावं. बॅगेत कपड्यासारखं घडी होतं आणि चढवायला सोपं असतं.

तिसरा प्रकार बॅकप्लेट आणि विंगचा. एक धातूची पाटी, तिच्यातून ओवलेला सलग पट्टा आणि मागे छोटी विंग, म्हणजे हवेचा फुगा. अ‍ॅल्युमिनियमची पाटी घेतली तर सगळं मिळून तीन किलोच्या आत-बाहेर बसतं. स्टीलची पाटी मात्र एकटीच अडीच किलो भरते. तिच्या बाजूने असं सांगितलं जातं की तेवढं शिसं कमी लागतं. खरं आहे, पण शिसं डायव्ह सेंटरवर मिळतंच. मग विमानातून स्टील कशाला वाहायचं?

मऊ बीसीडी काट्यावर हलकं दिसतं खरं, पण त्यातली गादी पाण्यात तरंगते. किलोभर तरंगत असेल तर किलोभर शिसं जास्त बांधावं लागतं. अ‍ॅल्युमिनियमची पाटी स्वतः थोडी बुडते आणि सिलिंडरला घट्ट आधार देते. मला विचाराल तर नियमित डायव्हिंग करणाऱ्याने पाटी-विंग घ्यावी. पट्टा कापून, सरकवून कुठल्याही अंगाला बसवता येतो. छोट्या चणीच्या बायकांना तयार मापांत नीट बसणारं सहज मिळत नाही, त्यांच्यासाठी तर हाच पर्याय उत्तम. वर्षातून एकदाच जाणाऱ्याला मऊ बीसीडी पुरेसं आहे.

विकत घेण्याआधी पाण्यात बुडवून बघा

दुकानदाराकडे किंवा ओळखीच्या क्लबकडे टाकी असेल तर ही तपासणी नक्की करा. फुग्यातली सगळी हवा काढा, बीसीडी पाण्यात दाबून धरा आणि गादी हाताने पिळत राहा. बराच वेळ बारीक बुडबुडे येत राहतात. ते थांबले की सोडून द्या. वर आलं, तर अर्ध्या-अर्ध्या किलोची वजनं अडकवत जा. ज्या वजनाला ते बुडेल, तेवढं जादा शिसं तुम्ही प्रत्येक डायव्हला वाहणार आहात.

मग ते अंगावर चढवा, पूर्ण फुगवा आणि खोल श्वास घ्या. छाती आवळली जात असेल तर माप चुकलंय.

वजन वाचवायला कंपन्यांनी काय काढून टाकलंय तेही बघा. खिसे, जास्तीच्या कड्या, पाठीची उशी गेली तरी चालेल. खांद्याजवळून आणि खालून मागच्या बाजूने, अशा दोन्हीकडून हवा सोडता यायलाच हवी. डोकं खाली असताना खालच्या व्हॉल्व्हची दोरी हाताला न बघता सापडली पाहिजे. सिलिंडरचा पट्टा पातळ किंवा बकल लेचंपेचं असेल तर ते बीसीडी तिथेच ठेवा. मऊ पाठीच्या बीसीडीत सिलिंडर डुलण्याची तक्रार नेहमीची आहे, त्यामुळे शक्य असेल तर दोन पट्ट्यांचं घ्या.

एक बारीक गोष्ट सहज निसटते. काही बीसीडींच्या इन्फ्लेटरमध्येच (फुग्यात हवा भरायच्या-सोडायच्या बटणांच्या भागात) पर्यायी रेग्युलेटर बसवलेला असतो. एक नळी वाचते, वजनही वाचतं. पण त्याचं कनेक्टर मोठं असतं आणि भाड्याच्या रेग्युलेटरची साधी नळी त्यावर बसत नाही. रेग्युलेटर तिथे भाड्याने घेणार असाल तर साधाच इन्फ्लेटर बरा.

पहिला डायव्ह समुद्रात नको

आधी पोहण्याच्या तलावात उतरा. पुण्या-मुंबईत प्रशिक्षण देणाऱ्या बऱ्याच संस्था तलावाची वेळ देतात. गोड्या पाण्यात ठरलेलं शिसं समुद्रात कमी पडतं, कारण खारं पाणी अडीच टक्क्यांच्या आसपास जड असतं. सामानासकट शंभर किलोच्या माणसाला समुद्रात सुमारे अडीच किलो शिसं जास्त लागतं.

सिलिंडरचा पट्टा आवळण्याआधी तो पाण्यात पूर्ण भिजवा. कोरडा नायलॉन ओला झाला की सैलावतो, आणि बोटीवर घट्ट वाटलेलं सिलिंडर पंधरा मिनिटांनी पाठीवरून घसरायला लागतं. आवळल्यावर सिलिंडरच्या मानेला धरून सगळा संच उचलून हलवा. बीसीडी खाली सरकलं तर पुन्हा बांधा.

पाठीमागच्या फुग्याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. पृष्ठभागावर जास्त हवा भरली की तो तोंडावर ढकलतो. हवा कमी ठेवा, थोडं मागे रेला आणि एखादं शिसं सिलिंडरच्या पट्ट्यावर सरकवा. बाकीचं शिसं मात्र कमरेच्या अशा पट्ट्यावर हवं, जो एका हाताने सोडून देता येईल.

आणखी एक सराव जोडीदाराबरोबर उथळ पाण्यात करा. वाळू किंवा मीठ अडकून इन्फ्लेटरचं बटण दाबलेलंच राहिलं, तर हवा भरत राहते आणि माणूस झपाट्याने वर जातो. लहान फुगा तर आणखी लवकर भरतो. एका हाताने हवा सोडत दुसऱ्या हाताने नळी काढता आली पाहिजे, तीही डोळे मिटून.

बॅग भरताना आणि परतताना

पाटी बॅगेच्या तळाशी, विंग तिच्यावर सैल घडी घालून, फिन्स कडेने. रेग्युलेटर हातातल्या बॅगेत. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्याही केबिनमध्येच न्यायच्या असतात, चाकू मात्र मोठ्या बॅगेत.

परतीचं वजन फार कमी लोक धरतात. ओली गादी पाणी धरून ठेवते आणि जाताना बसलेलं सामान येताना काट्यावर जास्त भरतं. एकाहून जास्त डायव्ह झाले असतील तर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायचा सल्ला दिला जातो, आणि वाळवायलाही तेवढाच वेळ मिळतो. शेवटचा डायव्ह संपला की लगेच फुग्यात गोडं पाणी घाला, हवा भरून हलवा आणि उलटं धरून इन्फ्लेटरच्या तोंडातून काढा. असं दोनदा करा. दोन्ही व्हॉल्व्ह आणि इन्फ्लेटरचं बटण वाहत्या पाण्याखाली दाबून बघा. मग अर्धवट फुगवून सावलीत, वाऱ्याला टांगा. अंदमानच्या दमट हवेत पाटी-पट्टा रात्रभरात बऱ्यापैकी सुकतो, गादीचं बीसीडी सकाळीही ओलं लागतं. घरी आल्यावर पुन्हा एकदा गोड्या पाण्यातून काढा आणि कपाटात थोडी हवा भरून ठेवा, म्हणजे आतले पदर एकमेकांना चिकटत नाहीत.