चिकटलेली गोळी, कापलेली पट्टी : या चुका टाळा

पावसाळा लागला की औषध कारखान्याच्या कोटिंग सेक्शनमध्ये, म्हणजे फिरत्या पॅनमध्ये गोळ्यांवर द्रावण फवारून पातळ थर चढवतात तिथे, एक तक्रार ठरलेली: गोळ्या जोडीजोडीनं चिकटतात. लांबट, सपाट अंगाच्या गोळ्या तर हमखास. ऑपरेटर लगेच इनलेटचं, म्हणजे पॅनमध्ये येणाऱ्या गरम हवेचं, तापमान वाढवतो आणि फसतो. हवा फार तापली की द्रावणाचा थेंब गोळीवर पडण्याआधीच अर्धा सुकतो. चिकटणं थांबतं, पण पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत येतो. आधी स्प्रे कमी करा, पॅनचा वेग थोडा वाढवा, आत येणाऱ्या हवेतला दमटपणा बघा. फवारणाऱ्या गनच्या तोंडाशी सुकलेल्या द्रावणाची दाढी वाढली असेल तर ती काढा.

चिकटलेल्या गोळ्या हातानं सोडवून परत पॅनमध्ये ढकलू नका. नुसत्या रंगाच्या कोटिंगवर डाग दिसेल, इतकंच. पॅन्टोप्रॅझोलसारख्या (ॲसिडिटीवरचं औषध) आतड्यात विरघळायच्या गोळीचं मात्र त्या जागी कवचच उडतं. चाचणीत ही गोळी जठरासारख्या 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात दोन तास शाबूत राहून मग आतड्यासारख्या 6.8 पीएचच्या द्रावणात फुटायला हवी. पण लाखो गोळ्यांच्या बॅचमधून या चाचणीला सुरुवातीला जातात सहा! कवच उडालेली त्यात सापडेलच कशी?

एवढं जपलेलं कवच घरी खलबत्त्यात जातं, कारण आजोबांना गिळवत नाही. पॅन्टोप्रॅझोल जठराच्या आम्लात नासतं, म्हणजे औषध घेऊनही न घेतल्यासारखं. दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी कुटली तर उलटा धोका: सगळा डोस एकदम. कुटण्याआधी डॉक्टरांना विचारा, बऱ्याचदा पातळ औषध मिळतं. (मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाच्या काही लांब पल्ल्याच्या गोळ्यांचं रिकामं टरफल शौचात दिसतं. घाबरू नका, औषध आत उतरलेलं असतं.)

गोळीनं पुरळ उठलं, चक्कर आली, तर डॉक्टरांना दाखवाच, पण कळवायलाही हवं. ‘खात्री नाही’ म्हणून लोक गप्प बसतात. इथे नुसता संशय पुरतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या, 2010 साली सुरू झालेल्या औषध-दक्षता कार्यक्रमाचं केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे, मोफत फोन 1800-180-3024. कंपनीतली चूक वेगळीच: तक्रार ‘क्वालिटी’च्या फायलीत जाते, पुरळाची ओळ दुष्परिणाम बघणाऱ्या सेफ्टीवाल्यांपर्यंत पोचतच नाही.

आणि कळवताना द्यायचा बॅच नंबर? दुकानदार चार गोळ्या कापून देतो, नंबर त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतो. कापण्याआधी अख्ख्या पट्टीचा फोटो काढा, नाहीतर नंबर बिलावर लिहून मागा.