एकच मोबाईल, अख्ख्या वर्गाची उत्तरं : प्लिकर्स कार्डं कशी वापरावीत

“कळलं का?” असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात “हो” म्हणतो. हात वर करायला सांगितलं तर रोजचेच पाच-सहा हात वर येतात. उरलेल्या तीस मुलांच्या डोक्यात काय चाललंय, ते चाचणीचे पेपर तपासतानाच समजतं. तोवर पुढचा घटकही शिकवून झालेला असतो. ही अडचण ज्यांना रोज टोचते त्यांनी प्लिकर्स, म्हणजे मुलांनी वर धरलेल्या कार्डांवरून उत्तरं वाचणारं मोबाईल अ‍ॅप, जरूर वापरून बघावं. मुलांच्या हातात मोबाईल लागत नाही आणि प्रोजेक्टरचीही गरज नाही. शिक्षकाचा एक साधा स्मार्टफोन आणि छापलेली कागदी कार्डं, एवढ्यावर काम होतं. कॅलिफोर्नियातले गणिताचे शिक्षक नोलन एमी यांनी ते आपल्या वर्गासाठी तयार केलं होतं.

प्रत्येक कार्डावर काळ्या चौकटींची वेगळी नक्षी असते. पाठ्यपुस्तकातल्या दीक्षाच्या क्यूआर कोडसारखीच, फक्त मोठी आणि सोपी. नक्षीच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी छापलेलं असतं. मुलाला जे उत्तर द्यायचं ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. नक्षी प्रत्येकाची निराळी असल्यामुळे शेजाऱ्याचं कार्ड बघून उत्तर उतरवता येत नाही.

आधीची तयारी

१. प्लिकर्स डॉट कॉमवर मोफत खातं उघडा. हे काम संगणकावर सोपं जातं. त्याच खात्याने मोबाईलमधल्या अ‍ॅपमध्ये लॉगिन करा.

२. संकेतस्थळावरून कार्डांची पीडीएफ घेऊन छापा. नेहमीचा संच 40 कार्डांचा आहे आणि मोठ्या पटासाठी 63 कार्डांचाही मिळतो. छपाई गडद हवी, फिकट झेरॉक्स कॅमेऱ्याला वाचता येत नाही. कार्डं जुन्या लग्नपत्रिकांवर किंवा वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. चकचकीत लॅमिनेशन मात्र करू नका. उजेड परावर्तित होतो आणि नक्षी दिसेनाशी होते.

३. ‘न्यू क्लास’मध्ये वर्ग तयार करून मुलांची नावं भरा. पूर्ण नाव टाकायची गरज नाही, पहिलं नाव पुरतं. कार्ड क्रमांक हजेरी क्रमांकाशी जुळवून ठेवा, म्हणजे वाटताना गोंधळ होत नाही. तीच कार्डं दुसऱ्या वर्गालाही चालतात.

४. प्रश्न लिहून वर्गाच्या यादीत टाका आणि बरोबर पर्यायावर खूण करा. मराठी टाइप करायचा कंटाळा असेल तर मोबाईलवर जीबोर्डमध्ये (गुगलच्या कीबोर्डमध्ये) मराठी निवडा, माइकचं चिन्ह दाबा आणि बोला. नंतर जोडाक्षरं एकदा नजरेखालून घाला. मोफत खात्यात प्रश्नांच्या एका संचात पाच प्रश्न बसतात. एका तासाला तेवढे भरपूर झाले, खरं तर दोनच चांगले प्रश्नही पुरतात.

प्रश्न कसा असावा

सगळी कमाई इथे आहे, म्हणून घाई करू नका. चुकीचे पर्याय मनाला येतील तसे लिहू नका. मुलं नेमकी जी चूक करतात ती पर्यायात यायला हवी. उदाहरणार्थ, 2/5 + 1/5 = किती?

ए) 3/10  बी) 3/5  सी) 2/25  डी) 1/5

ए निवडणाऱ्याने छेदांचीही बेरीज केली, सी वाल्याने गुणाकार केला, डी वाल्याने वजाबाकी केली. कोणाचं चुकलं एवढंच नव्हे, काय चुकलं तेही लगेच कळतं. दशांश शिकवताना 0.35 मोठी की 0.4, हे जरूर विचारा. 35 हा आकडा 4 पेक्षा मोठा दिसतो म्हणून कितीतरी मुलं 0.35 म्हणतात.

वर्गात

प्रश्न आणि पर्याय फळ्यावर लिहा. मिनिटभर शांतपणे विचार करू द्या, मग कार्डं वर. बोटं नक्षीवर येऊ नयेत, कार्ड कडेला धरायचं. पहिल्या दिवशी मुलं उत्तराचं अक्षर खाली धरतात किंवा कार्ड वाकडं धरतात. त्यासाठी “आज वार कोणता?” असा एखादा प्रश्न सरावाला घ्या. लहान वर्गात कार्डाच्या मागेही त्याच बाजूंना पेन्सिलीने बारीक अक्षरं लिहून द्या.

मोबाईलचा डेटा चालू ठेवा, अ‍ॅपमध्ये वर्ग आणि प्रश्न निवडा, स्कॅनचं बटण दाबा आणि फोन डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. फोटो काढायचा नाही. कार्ड वाचलं गेलं की पडद्यावर नाव उमटतं, बरोबर असेल तर हिरवं, चूक असेल तर लाल. मुलांच्या पाठीमागे उघडी खिडकी असेल तर कार्डं काळवंडलेली दिसतात, अशा वेळी उभं राहायची जागा बदला. पडदा मुलांना दाखवू नका. लाल रंगात आपलं नाव सगळ्यांसमोर आलं, तर मूल पुढच्या वेळी शेजाऱ्याच्या मतानेच कार्ड धरेल.

उत्तरं हातात आल्यावर

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांची एक रीत इथे फार उपयोगी पडते. साधारण 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर असतील तर उत्तर सांगायचंच नाही. “शेजाऱ्याला तुझं उत्तर पटवून दे,” असं म्हणून दोन मिनिटं बोलू द्यायचं आणि तोच प्रश्न पुन्हा स्कॅन करायचा. आपण तीनदा समजावूनही जे पोचत नाही, ते बाकावरच्या मैत्रिणीच्या शब्दांत पोचतं. बरोबर उत्तरं त्याहून कमी असतील तर वेगळ्या रीतीने शिकवा. अपूर्णांकासाठी कागदाच्या पट्टीला घड्या घालायला लावा. जास्त असतील तर पुढे जा आणि उरलेल्या चार-पाच जणांना मधल्या सुट्टीआधी जवळ बोलवा.

शाळा सुटल्यावर संकेतस्थळावरची ‘स्कोअरशीट’ उघडा. आठवडाभराची उत्तरं मुलागणिक एकाच तक्त्यात दिसतात. त्यात आधी ती नावं शोधा जी वर्गात कधीच ऐकू येत नाहीत. दुसऱ्या दिवशीची सुरुवात त्यांच्या बाकापासून करा.